कपाळावरचा ताप, काखेतला ताप

कपाळासमोर धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर अंगातला ताप थेट मोजत नाही. कातडीतून बाहेर पडणारे अवरक्त किरण तो टिपतो आणि त्यावरून आतला ताप किती असावा याचा हिशेब करून आकडा दाखवतो. काखेत किंवा जिभेखाली ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक थर्मामीटरच्या टोकाला थर्मिस्टर असतो. उष्णतेनुसार त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि तो अंगाला टेकलेला असल्यामुळे वाऱ्या-उन्हाचा त्रास कमी.

प्रयोगशाळेतल्या मानकांनुसार तापाच्या नेहमीच्या पट्ट्यात काखेतल्या थर्मामीटरला ०.१ अंश सेल्सिअसची चूक माफ असते, कपाळाच्या यंत्राला ०.३ अंशांची. एवढ्या फरकाने फारसं बिघडत नाही. खरी गफलत होते ती वापरताना. २०२० साली कोरोनाच्या काळात मीरा-भाईंदरमध्ये सोसायट्यांच्या फाटकांवर हीच ‘थर्मल गन’ रोखली जाई. समोरचा माणूस घामाघूम होऊन आलेला असे. घाम सुकताना कपाळ गार पडतं आणि अंगात ताप असूनही आकडा खाली येतो. एसी गाडीतून नुकत्याच उतरलेल्याचंही तसंच. याउलट उत्तनच्या किनाऱ्यावर भर उन्हात बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीचं कपाळ तापलेलं असतं, तिथे ताप नसतानाही आकडा चढतो. कपाळासाठी बनवलेलं यंत्र मनगटावर धरून आलेला आकडा तर धरूच नये.

म्हणून माणसाला आधी सावलीत, पंख्यापासून दूर, पंधरा मिनिटं बसवावं. घाम पुसावा, केस बाजूला करावेत आणि यंत्रासोबतच्या पत्रकात दिलेलं अंतर पाळावं. भांड्याचं किंवा भिंतीचं तापमान मोजायची वेगळी सोय काही यंत्रांत असते. बटण चुकून तिकडे राहिलं तर आकडा हमखास कमी येतो.

काखेतल्या थर्मामीटरलाही शिस्त लागते. काख कोरडी हवी, दंड अंगाशी घट्ट हवा आणि पिप वाजेपर्यंत धीर हवा. गरम चहा प्यायल्यावर लगेच जिभेखाली तो ठेवू नये. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइटने कमी येतो, हेही ध्यानात ठेवावं.

झोपलेल्या मुलाला न उठवता अंदाज घ्यायला इन्फ्रारेड उत्तम. मात्र औषध द्यायचं की नाही हे ठरवताना आकडा काखेत किंवा जिभेखाली पडताळून घ्यावा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं. बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर आकडा कितीही असो.