ज्योतिषाचे घरचे कपाट

(अध्यक्षीय भाषण)

ज्योतिषाच्या अभ्यासकाचा ग्रंथसंग्रह बहुधा उलट्या क्रमाने उभा राहतो. पहिले पुस्तक फलिताचे असते, दहावेही फलिताचेच. गणिताचा ग्रंथ कुणी भेट दिला तर येतो आणि पाडव्याला नवे पंचांग आले की जुने रद्दीत जाते. फलिताची पुस्तके हरवली तरी पुन्हा मिळतात, त्यांच्या आवृत्त्या निघत राहतात. शके १८६५ चे पंचांग मात्र आता कुणी छापणार नाही. म्हणून घरच्या कपाटाचा पहिला खण जुन्या पंचांगांचा असावा. कोपऱ्याला भोक पाडून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले, हळदीचे डाग पडलेले असले तरी चालेल.

संगणक कोणत्याही दिवसाचे ग्रह क्षणात देतो, मग हा कागद कशाला, असा प्रश्न येतो. जुन्या पत्रिका ज्या कागदावरून मांडल्या गेल्या तो कागद हाच, हे त्याचे उत्तर. आजोबांच्या टिपणात तिथी, नक्षत्र आणि ‘इष्ट घटी १२ पळे ३०’ एवढेच असते. घटी २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयानंतर पाच तासांनी जन्म. पण सूर्योदय कोणत्या गावचा धरला, हे टिपण सांगत नाही. त्या वर्षी घरात कोणते पंचांग होते हे कळले, तर ते कोणत्या स्थळाचे आणि कोणत्या पक्षाचे, हे त्यावर छापलेले सापडते. संगणकाची पत्रिका आणि जुने टिपण जुळत नाही, तेव्हा अनेकदा टिपण चुकलेले नसते. दोघांची गृहीते वेगळी असतात.

दुसरी वस्तू पुस्तकही नव्हे. कालमानाची ही एका पानाची नोंद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहरात तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत वापरात राहिली. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशातली घड्याळे एक तास पुढे होती. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते. म्हणजे ३९ मिनिटांच्या चुकीने सुमारे दहा अंशांचा आणि तासाभराच्या चुकीने अर्ध्या राशीचा फरक पडतो. १९४३ सालचा ‘सकाळी ८ वाजून १० मिनिटे’ हा जन्म प्रत्यक्षात ७ वाजून १० मिनिटांचा असू शकतो. हे एक पान जवळ नसेल, तर पुढची शंभर पुस्तके चुकीच्या कुंडलीवर चालवली जातात.

तिसरा विषय अयनांशांचा. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाचे अयनांश स्वीकारले. निर्मलचंद्र लाहिरी समितीचे सचिव होते, म्हणून हे अयनांश त्यांच्या नावाने ओळखले जातात. शके १८७९ पासून, म्हणजे १९५७ पासून, राष्ट्रीय पंचांग निघू लागले. महाराष्ट्राला हा वाद त्याआधीपासून ठाऊक होता. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्ष मांडला. टिळक पंचांग रेवतीपक्षाचे. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. त्यामुळे कधी अधिक महिनाच वेगळा येतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतला गणपती महिनाभर आधी बसतो. पत्रिकेत हा फरक कसा उतरतो, हे आकड्यांत पाहिलेले बरे. एक नक्षत्र ८०० कलांचे, चार अंश म्हणजे २४० कला. चंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल आणि दोन्ही गणितांनी त्याच नक्षत्रात राहिला, तरी वीस वर्षांच्या महादशेच्या भोग्य काळात सहा वर्षांचा फरक पडतो. लाहिरी आणि कृष्णमूर्ती यांच्या अयनांशांत अवघ्या सहा कलांच्या आसपास अंतर. तेवढ्यानेही शुक्राची दशा सुमारे ५५ दिवस हलते. एवढे असूनही दशेच्या तारखा देणारी कितीतरी पुस्तके आपले अयनांश कोणते ते सांगतच नाहीत. विकत घेण्यापूर्वी प्रस्तावनेत तेवढे पाहावे.

इतिहासासाठी एकच ग्रंथ परवडत असेल, तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ घ्यावा. दापोलीजवळच्या मुरूडला १८५३ साली जन्मलेल्या, पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी तो मराठीत लिहिला; १८९६ साली तो प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी दीक्षित वारले. कोणता ग्रंथ कुणाचा, कोणत्या शकातला, कोणत्या पक्षाचा, याची इतकी काटेकोर छाननी क्वचितच आढळते. ‘ग्रहलाघव’कर्ते गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, त्यांचा ग्रंथ शके १४४२ चा, ‘जातकालंकारा’चा कर्ता गणेश निराळा आणि जवळपास शतकभर नंतरचा. हे ठाऊक नसले की दोन गणेशांचे मिळून एकच चरित्र तयार होते, आणि तसे झालेलेही आहे. ‘ग्रहलाघव’ स्वतः संग्रहात असावेच. ज्या-कोटीच्या खटाटोपाला फाटा देऊन, अकरा वर्षांचे ४०१६ दिवसांचे चक्र धरून ग्रह कसे काढत, हे एकदा पाटीवर करून पाहिले की पंचांगाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

फलिताच्या मूळ ग्रंथांत सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’ला पहिला मान, आणि तोही उत्पलाच्या टीकेसह. सुमारे चारशे श्लोकांचा हा ग्रंथ टीकेवाचून कोड्यासारखा वाटतो. केंद्र, पणफर, आपोक्लिम हे त्यातले शब्द ग्रीकांकडून आले आहेत, तर ताजिकातले इत्थशाल, ईसराफ हे अरबीतून. शुद्ध देशी शास्त्राच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे शब्द शांतपणे वाचावेत. ‘सारावली’, ‘फलदीपिका’ आणि ‘जातकपारिजात’ पुढच्या पायरीवर. मुहूर्तासाठी ‘मुहूर्तचिंतामणी’ किंवा ‘मुहूर्तमार्तंड’ यांपैकी एक पुरे. ‘बृहत्पाराशर होरा’ घेताना सावध असावे. छापील आवृत्त्यांत अध्यायांची संख्या आणि क्रम जुळत नाही, त्यामुळे ‘पराशर म्हणतात’ असे लिहिताना कोणत्या आवृत्तीतले पराशर, हेही लिहावे लागते.

मराठीत ह. ने. काटवे यांची ग्रहांवरची पुस्तके आणि व. दा. भटांचे ‘कुंडली तंत्र आणि मंत्र’ अभ्यासकांच्या घरी आढळतात. कृष्णमूर्ती पद्धतीकडे वळणाऱ्याला सहा ‘रीडर’ लागतात. भावारंभ मोजण्याची कोष्टके, निदान तसे संगणकीय साधन, नसेल तर त्या सहांचा उपयोग नाही. अशुभ योगांची भीती घालणारी आणि शेवटच्या पानावर खड्यांची जाहिरात करणारी पुस्तके या खणात नसली तरी काही बिघडत नाही.

विरोधी मताचेही याच ओळीत स्थान आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेल्या चाचणीचा निबंध २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या होत्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायचे होते. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के भरली, म्हणजे नाणे उडवून येते त्याहूनही थोडी कमी. निबंध लहान आहे. तो न वाचता त्याच्यावर रागावणारे या व्यासपीठाच्या आसपासही पुष्कळ आहेत.

यानंतर येते ती अभ्यासकाची स्वतःची वही. तीत जन्मवेळ कुणी सांगितली (आईने, दवाखान्याच्या कागदाने की अंदाजाने), अयनांश कोणते घेतले, वर्तवले काय आणि कोणत्या तारखेला, आणि पुढे घडले काय, असे रकाने असतात. शेवटचा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह फार मोठा असतो. फसलेली भाकिते गाळून ठेवलेल्या वहीतून काहीही सिद्ध होत नाही. संगणकावर मांडलेल्या पत्रिकेची छापील प्रत लावतानाही तिच्यावर प्रणालीचे आणि अयनांशांचे नाव हाताने लिहावे.

जतनाचे काम थोडकेच आहे. वेखंडाच्या पुरचुंड्या कसरीला आवरतात. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. पंचांगे दहा-दहा वर्षांची एकत्र बांधून पाठीवर शक घालावा. संग्राहकाच्या पश्चात ही बांधणी एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला द्यावी. वही मात्र तिच्यासोबत जाऊ देऊ नये, कारण तीत इतरांचे जन्म, लग्ने आणि आजार लिहिलेले असतात.