विहिरीवर एकटी आलेली

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त जुळे सोलापूर येथें भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं आनंदाचे शब्द बोलावेत असा शिष्टाचार आहे. परंतु ज्या घरांत दुखणें आहे, तेथील सण दुखणेकऱ्यास विसरून साजरा होत नाहीं. घरांत वा घराबाहेर ज्यांना पुरुषाच्या हातून मार, छळ किंवा बलात्कार सोसावा लागला, अशा भगिनी पुन्हां उभ्या कशा राहतात आणि त्यांत आपलें कर्तव्य कोणतें, एवढाच आज माझा विषय आहे.

प्रथम एक कबुली देतें. पुष्कळ वर्षांपूर्वी मिस्सा संपल्यावर एक भगिनी माझ्याजवळ आली. तिच्या दंडावर काळेनिळे वळ होते. मीं तिला काय सांगितलें? "बाई, सहन कर, प्रभूनेंही क्रूस वाहिला. घरचें बाहेर काढूं नये." ती मान खालीं घालून परत गेली व पुन्हां कधीं त्याविषयीं बोलली नाहीं. तिला मारणारा हात माझा नव्हता. पण तिनें ठोठावलेलें एक दार मींच लावून घेतलें, हें मला फार उशिरां कळलें.

माझा तो उपदेश धर्मसभेचा नव्हता, हेंही मला मागाहून समजलें. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्याचें ११५३ वें कलम स्पष्ट आहे. पतिपत्नींपैकीं एकापासून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीरास वा मनास मोठा धोका असेल, तर विभक्त राहण्यास तें योग्य कारण होय. आणि उशीर करणें धोक्याचें असेल, तर पीडितानें कोणाच्या आज्ञेची वाट न पाहतां निघावें. पोप फ्रान्सिस यांनींही २०१६ सालच्या आपल्या कुटुंबविषयक पत्रांत, अशा प्रसंगीं वेगळें होणें कधीं कधीं नैतिक दृष्ट्या आवश्यकच ठरतें, असें सांगितलें. विवाहबंध यानें तुटत नाहीं. परंतु त्या बंधाच्या नांवाखालीं कोणाचा जीव धोक्यांत घालावा, असें धर्मसभा कधींच म्हणत नाहीं.

आतां ती निघाली, तर जाणार कोठें? हाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचें एक उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. सोलापुराहून पुण्यास जातांना दौंड मागें पडल्यावर केडगावचें स्थानक लागतें. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तें हेंच. रमाबाई आपल्या धर्मसभेच्या नव्हत्या. पण त्यांची साक्ष आपण ऐकावी अशी आहे. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें फुलम येथें समाजानें टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या अँग्लिकन धर्मभगिनी त्यांनीं पाहिल्या. ही दया कोठून आली, असें विचारतां, विहिरीवर प्रभूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना ऐकावयास मिळाली, आणि त्या कथेनें त्यांचें मन पालटलें.

१८८९ सालीं रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढल्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली व विधवा आणल्या. त्यांतील कित्येकींवर दुष्टांची नजर होती. केडगावीं त्यांना नुसतें अन्न मिळालें नाहीं. शारदासदनांत पूर्वीं आश्रय घेऊन शिकलेल्या स्त्रियाच आतां नवीन मुलींना सांभाळूं लागल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, असें कांहींना कांहीं काम प्रत्येकीच्या हातीं आलें. जिला काल दुसरीनें हात दिला, तिनें आज तिसरीला हात द्यावा, हीच त्या घराची रीत. जखम भरते ती अशी; एका उपकारकर्त्याच्या औदार्यानें नव्हे, तर अनेक साध्या हातांनीं आणि पुष्कळ दिवसांनीं.

गिरण्यांच्या चाळींत भिंतीपलीकडचा आक्रोश शेजाऱ्यास ऐकूं येत असे. आपल्या या नव्या वस्तींत घरें सुटीं आणि दारें बंद आहेत. म्हणून आपणांस जाणूनबुजून शेजारी व्हावें लागेल. कोणी रात्रीं दार उघडावें. कोणी मुलांना जेवूं घालावें. कोणी दवाखान्यांत सोबत जाऊन जखमांची नोंद करवून घ्यावी. कोणी शिवणाचें वा दुसरें काम मिळवून द्यावें. आणि सर्वांनीं तिचें म्हणणें खरें मानून ऐकावें, "तुझें काय चुकलें?" असें विचारूं नये. ती कधीं पुन्हां त्याच घरीं परत जाईल. तेव्हां रागावून तिला तोडूं नका. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आली तरी आपलें दार तेंच असूं द्या.

जें आपल्यानें होणार नाहीं, त्यासाठीं कायदा आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे. घर नवऱ्याच्या नांवावर असलें, तरी तेथें राहण्याचा हक्क तो स्त्रीस देतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. १९८७ च्या कायद्यानें स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. बलात्कारपीडितेवर सरकारी वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयानें विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. १८१ हा स्त्रियांच्या साहाय्याचा आणि ११२ हा तांतडीचा दूरध्वनि क्रमांक आहे. हे दोन आंकडे प्रत्येक घरांतील मुलीला पाठ असावेत. आणि स्त्रीवर हात उगारणें हें पौरुष नसून भ्याडपणा आहे, हें प्रत्येक मुलाला घरींच शिकवावें.

शेवटीं त्या विहिरीकडे पुन्हां वळूं या. ती शोमरोनी स्त्री भर दुपारीं, एकटीच पाण्याला आली होती. प्रभूनें तिला झिडकारलें नाहीं; तिच्याकडे पाणी मागितलें, तिच्याशीं बोलला. मग घागर तेथेंच टाकून ती गांवांत गेली, आणि गांव तिच्या शब्दावर विश्वास ठेवून बाहेर आला. एकटी आलेली ती एकटी राहिली नाहीं. आपल्या धर्मग्रामांत आजही कोणी भगिनी अशी एकटी असेल. कदाचित् ती या सभेंतच बसली असेल. तिला मी एवढेंच सांगतें: बाई, मागें मीं एकीला चुकीचें उत्तर दिलें, तूं आलीस, तर या वेळीं दार उघडें असेल. हें वचन पाळण्याची शक्ति प्रभु आम्हां सर्वांना देवो.