धावते समालोचन स्वभाषेत

(जिवती, जि. चंद्रपूर येथे तरुण खेळाडू व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



माणिकगडच्या डोंगरात उभे राहून आयर्लंडची गोष्ट सांगणे काहींना विचित्र वाटेल. तरीही प्रारंभ तिथूनच करतो. १९४९ साली डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर एका अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती ध्वनिक्षेपक देण्यात आला. मीहॉल ओ मुरहर्टिग हे त्याचे नाव. तो शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेत होता. त्याने त्या सामन्याचे नभोवाणीवरील समालोचन आयरिश भाषेत केले आणि पुढे सहा दशके त्या देशाच्या क्रीडाविश्वावर त्याच्या आवाजाचे राज्य राहिले. २०२४ साली तो निवर्तला, तेव्हा अवघा देश हळहळला.

आयरिश भाषेची अवस्था काय आहे? शतकानुशतकांच्या इंग्रजी सत्तेने ती घराघरांतून हुसकावून लावली. २०२२ च्या तेथील जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम बाहत्तर हजार भरले. असे असूनही १९९६ पासून त्या भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी चालू आहे. तिचे आजचे नाव 'टीजी फोर'. तिच्यावर त्यांच्या देशी फुटबॉलचे, हर्लिंगचे आणि रग्बीचेही सामने आयरिश समालोचनासह दाखवले जातात. ज्यांना ती भाषा अर्धीमुर्धीच येते, तेही हे सामने पाहतात. कारण सोपे आहे. बातम्या समजायला भाषा यावी लागते, सामना समजायला डोळे पुरतात. चेंडू कुठे गेला ते चित्र सांगते आणि त्याच क्षणी कानावर पडलेला शब्द आपोआप मनात रुजतो. क्षीण झालेल्या भाषेला घरात परत आणण्यासाठी खेळासारखा दुसरा दरवाजा नाही.

आता आपल्याकडे वळू. बाहत्तर हजारांच्या भाषेला हे जमले. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत आणि कोलामी बोलणारे सव्वा लाखाहून अधिक. मराठीची गणना तर आठ कोटींच्या पुढे. हे आकडे मनात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

मराठीचे भाग्य असे की तिला बाळ ज. पंडित लाभले. पुण्याचे हे गृहस्थ स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले. आकाशवाणीवरून क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत करता येते, हे त्यांनी महाराष्ट्राला पटवून दिले. २०१५ साली ते गेले. त्यांच्या पिढीने वापरून वापरून गुळगुळीत केलेली शब्दसंपत्ती पाहा. 'पायचीत' हा शब्द घ्या. 'चीत' आला कुस्तीच्या आखाड्यातून. मल्लाची पाठ मातीला लागावी तसा फलंदाजाचा पाय सापडला की तो पायचीत! इंग्रजीतील लांबलचक तीन शब्दांचे काम एका शब्दात झाले, आणि तेही आपल्या मातीतल्या शब्दात. 'त्रिफळा उडाला' म्हणताना तर थेट वैद्याचे चूर्णच आठवते. 'षटक' हा शब्द असाच चपखल, मात्र त्याची एक गंमत आहे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत एका षटकात आठ चेंडू टाकत असत. म्हणजे तिथले षटक हे खरे पाहता अष्टक होते!

शब्द कोशात घडतो असा आपला समज असतो. कोशात तो फार तर जन्म घेतो, जगतो मात्र जिभेवर. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' हे शब्द दिले. आज ते कोणी घडवले, हे वापरणाऱ्याच्या मनातही येत नाही. हेच त्या शब्दांचे यश. 'यष्टिरक्षक' हा शब्द वाचताना जड वाटतो. पण नभोवाणीवर हजारदा ऐकलेल्या माणसाला तो जड वाटत नाही.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि चेंडू तर क्रियापदाची वाट पाहत नाही. 'फलंदाजाने चेंडू सीमारेषेबाहेर टोलवला आहे' हे वाक्य संपेपर्यंत पुढचा चेंडू टाकायची वेळ होते. म्हणून चांगला समालोचक क्रियापद गिळतो. 'आखूड टप्पा, मागच्या पायावर, जोरदार फटका, चौकार!' हे अशुद्ध मराठी नव्हे, बोलत्या मराठीचा तो स्वभाव आहे. नभोवाणीवर सारे मैदान शब्दांनी उभे करावे लागते. दूरचित्रवाणीवर जे दिसते ते सांगायचे नसते, जे दिसत नाही ते सांगायचे असते. अनेक मराठी समालोचक आजही नभोवाणीसारखे अखंड बोलत राहतात आणि मग बोलायला काही उरले नाही की हिंदी समालोचनातले विनोद भाषांतरित करून वाढतात. ते कानाला टोचते.

२०२३ साली आयपीएल सामने जिओसिनेमावर बारा भाषांतून ऐकता आले, त्यांत मराठीही होती. केदार जाधव त्या हंगामात मराठी समालोचन करत होता आणि स्पर्धा चालू असतानाच त्याला बंगळुरूच्या संघाने बदली खेळाडू म्हणून बोलावून घेतले! ध्वनिक्षेपक ठेवला आणि बॅट उचलली. मराठी समालोचनाची प्रतिष्ठा वाढवणारा याहून मजेदार प्रसंग दुसरा नसेल. येथे एक व्यावहारिक बाब ध्यानात घ्यावी. सामन्याची चित्रे सर्व भाषांना एकच असतात. भाषा वाढवायची म्हणजे कॅमेरे वाढवायचे नसतात. एक खोली, दोन-तीन जाणकार माणसे, ध्वनियंत्रणा आणि एक निर्माता एवढाच काय तो वाढीव पसारा. 'परवडत नाही' हे उत्तर यापुढे सहजी स्वीकारू नये.

क्रिकेटच्या परक्या शब्दांना आपण मराठी वेष चढवला. आपल्या स्वतःच्या खेळांचे काय झाले? कबड्डी, म्हणजे आपली हुतुतू, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवली. विदर्भाला याचा अभिमान असायलाच हवा. तिच्या इंग्रजी नियमावलीतही 'लोण' हा आपला शब्द शिरला होता. २०१४ साली प्रो कबड्डी आली. खेळाडूंना पैसा मिळाला, खेड्यातल्या पोराचे नाव देशभर झाले, हे निःसंशय चांगले झाले. पण पडद्यावर 'लोण'चे 'ऑल आऊट' झाले, 'चढाई'ची 'रेड' झाली, 'पकड' होती ती 'टॅकल' झाली. ज्या भूमीत खेळ वाढला तिथली मुले आता मैदानावर हेच शब्द ओरडतात. पिकते तिथे विकत नाही, ते असे. खो-खोचे दैव थोडे बरे. २०२२ मध्ये 'अल्टिमेट खो-खो'चे सामने सोनी मराठीवरही दाखवले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या आपल्या मराठी कर्णधारांनी दोन्ही विजेतेपदे भारताला मिळवून दिली. 'खो' या शब्दाचे भाषांतर करण्याचे धाडस अजून कुणाला झालेले नाही, हे नशीब!

कुस्तीचे मैदान मात्र कधीच परभाषेला शरण गेले नाही. कोल्हापूर-सांगलीच्या फडावर निवेदक बोलू लागला की धोबीपछाड, कलाजंग, ढाक, घिस्सा या डावांसोबत मल्लाचे गाव, वस्ताद, तालीम सारे उलगडत जाते. ती आपली जुनी समालोचनाची शाळाच आहे. दूरचित्रवाणीने तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही.

आणि आता तुमचा जिवती तालुका. येथे गोंडी आहे, कोलामी आहे, बंजारा बांधवांची गोरमाटी आहे, मराठवाड्यातून दुष्काळामुळे येऊन वसलेल्यांची मराठी आहे. सीमेवरच्या चौदा गावांत तर एकाच गावात मराठी आणि तेलुगू शाळा शेजारी शेजारी भरतात. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण केला. मग जो न्याय आपण मराठीसाठी दिल्ली-मुंबईकडे मागतो, तोच गोंडी आणि कोलामीसाठी जिवतीत आपण द्यायला नको का? या भाषा वनवासी बांधवांच्या घरातल्या, या भूमीच्या जुन्या भाषा आहेत. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर उभी केली. पेरू देशात तर कुस्को शहरातील एक नभोवाणी केंद्र फुटबॉलचे समालोचन केचुआ या डोंगराळ जमातींच्या भाषेत करते. छत्तीस वर्षांनी, २०१८ साली पेरू विश्वचषकात उतरला, तेव्हा पहाडातल्या मेंढपाळांनी आपल्या संघाचे सामने आपल्याच भाषेत ऐकले.

वाहिनी आपल्या हाती नाही. गावच्या सामन्यातला ध्वनिक्षेपक आहे. कबड्डीचा पूर्वार्ध मराठीत आणि उत्तरार्ध गोंडीत किंवा कोलामीत सांगायला कोण अडवतो? चढाई, पकड, लोण यांना गोंडीत काय म्हणायचे, हे पुण्या-मुंबईच्या विद्वानाने ठरवू नये; पाड्यावरच्या आजोबांना आणि खेळणाऱ्या पोरांना विचारावे. ती पोरे कदाचित शिकारीतला किंवा शेतातला एखादा शब्द उचलतील, जसा आपण आखाड्यातला 'चीत' उचलला. शिक्षकांनी ते शब्द वहीत टिपून ठेवावेत आणि मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. मुलींनाही ध्वनिक्षेपक द्यावा, त्या खेळ अधिक बारकाईने पाहतात असा माझा अनुभव आहे. यंदाच्या हंगामातले सामने अजून उरले आहेत. गोंडीत बोलायला कोण पुढे येतो, त्याचे नाव आजच शिक्षकांकडे द्या.