तीन दिवसांत दोन दुरुस्त्या

अपाची हा मुक्तस्रोत वेब सर्व्हर. ब्राउझरनं मागितलेलं पान शोधून पाठवणं, हे त्याचं काम. सप्टेंबर २०२१मध्ये आलेल्या त्याच्या २.४.४९ या आवृत्तीत एक भोक राहिलं. पत्त्यातलं टिंब सरळ न लिहिता टक्क्याचं चिन्ह लावून सांकेतिक रूपात लिहिलं, की सर्व्हर फसायचा आणि नेमून दिलेल्या फोल्डरबाहेरच्या फायलीही देऊन टाकायचा. अर्थात, त्यांना मनाईचा नियम लावलेला नसेल तर. ४ ऑक्टोबरला घाईघाईनं २.४.५० आली. पण तेच टिंब दुहेरी संकेतात लिहिलं, की पुन्हा दार उघडं! ७ तारखेच्या २.४.५१नं ते बंद केलं. गंमत म्हणजे, २.४.४८वरच रेंगाळलेले या भानगडीतून सुटले. मात्र ४९मध्ये बुजवलेले जुने दोष त्यांच्याकडे तसेच होते.