टेकडी राखा, पण तिचे दाम मोजा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आधीच्या वक्त्यांनी सांगितले आहे. मी पुण्याच्या टेकड्यांबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याचे तिथे काय काम? काम आहे. तिथे जमिनीचा जो हिशेब मांडला गेला, तोच उद्या आपल्या तालुक्याच्या गावाबाहेर मांडला जाणार आहे.

१९९७ साली पुणे महापालिकेची हद्द वाढली आणि अखेर २३ गावे शहरात राहिली. बाणेर, बावधन, वारजे, कात्रज ही त्यातलीच. या गावांच्या डोंगरउतारावरची ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यान म्हणून राखा, तिथे घरे बांधू देऊ नका, असा आग्रह शहरातल्या नागरिकांनी धरला. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती. थोडेतरी बांधकाम होऊ द्या, असा रेटा दुसऱ्या बाजूने वर्षानुवर्षे चालू होता. २०१५ साली राज्य सरकारने निर्णय दिला : उद्यान राहील, बांधकाम नाही.

नागरिकांचे म्हणणे बरोबर होते. शेतीचे शास्त्र तेच सांगते. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० लाख लिटर पाणी झाले. गवताची टेकडी त्यातले काही मुरवते, बाकीचे हळूहळू खाली सोडते. त्याच टेकडीवर सिमेंट पडले की सगळे पाणी धावत सुटते. जून २०१३ मध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीला, डोंगर फोडलेल्या जागेवरून आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. त्या रात्री पुणे परिसरात २० हून अधिक जीव गेले. बांधबंदिस्ती केलेल्या माणसाला यातले काही नव्याने सांगायला नको.

पण दुसरा प्रश्न विचारायचा राहतो. ही टेकडी कोणाची? या ९७८ हेक्टरांतला मोठा भाग खाजगी मालकीचा. पिढ्यानपिढ्या सातबारा ज्यांच्या नावावर होता, ती शेतकऱ्यांचीच घरे. त्यांना मोबदला काय ठरला? आठ टक्के टीडीआर. म्हणजे पैसा नाही. दुसरीकडे बांधकाम करण्याच्या हक्काचा कागद. तो बिल्डरला विकायचा आणि मिळेल ते घ्यायचे. एका गुंठ्याला जेमतेम ८ चौरस मीटर, म्हणजे एक लहान खोली. हवा शहराची, पाणी शहराचे, सकाळचे फिरणे शहराचे आणि त्याची किंमत मात्र टेकडीवाल्याने भरायची. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. शहराला ज्वारी स्वस्त हवी, कापड स्वस्त हवे, आता मोरही स्वस्तात हवा!

मी हे टेकडी फोडावी म्हणून सांगत नाही, ती टिकावी म्हणूनच सांगतो. दाम न मोजता राखलेली जमीन शेवटी बिल्डरच्याच घशात जाते. कशी, ते पाहा. आरक्षण पडले की जमीन उघड बाजारात विकत नाही, बँक तिच्यावर कर्ज देत नाही. घरात लग्न निघते, दवाखाना निघतो. मग मालक साध्या कागदावर, पडत्या भावात ती देऊन टाकतो. घेणारा गुंठे पाडतो. शहरात मजुरीला आलेला आपलाच भाऊ ते गुंठे विकत घेऊन घर बांधतो आणि पुढे अनधिकृत ठरतो. दुसरी वाट कायद्याचीच आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ सांगते की आरक्षित जमीन १० वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत सरकार हलले नाही तर आरक्षण उठते. तोवर मालक कोण झालेला असतो, हे मी सांगायला हवे काय?

आता आपल्या दाराशी या. तालुक्याच्या रस्त्यालगत अकृषक प्लॉट पडत आहेत. त्यांची नजर पुढे गायरानावर जाते, कारण तिथे भांडायला एक मालक नसतो. पंजाबात पतियाळा जिल्ह्यात रोहर जागीर गावात तळे बुजवून घरे बांधली गेली. पैसे घेऊन ती कायम करावीत, असे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवले होते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असे सर्व राज्यांना बजावले. महाराष्ट्र सरकारनेही १२ जुलै २०११ ला तसा निर्णय काढला. कागद आपल्या बाजूने आहे, पण गावाने तो हातात धरला तरच.

कोणी म्हणेल, रोही आणि रानडुक्कर आमची ज्वारी खातात, त्यांच्यासाठी पुन्हा माळ राखायचा? राग खरा आहे. पण माळावर प्लॉट पडले म्हणून रोही नाहीसा होत नाही. तो तुमच्याच धुऱ्यावर येतो. आणि कडब्याचा भाव चढला की बैलाला त्या माळाशिवाय दुसरा आधार कुठला?

म्हणून या मेळाव्यापुढे तीन ठराव ठेवतो. एक : प्रत्येक गावाने ग्रामसभेत गायरानाचे गट नंबर आणि क्षेत्र वाचून दाखवावे, हद्द मोजून घ्यावी आणि घरबांधणीसाठी ते देण्यास विरोध नोंदवावा. दोन : गायरानावर आधीच झोपडी टाकून बसलेल्या भूमिहीनाला पर्यायी जागा मिळाल्याशिवाय हलवू नये. तीन : हिरवळीसाठी जिथे खाजगी जमीन राखली जाईल, तिथे मालकाला बाजारभावाने रोख मोबदला ठरल्या मुदतीत मिळावा.

शहरातल्या टेकडीवाल्या नागरिकांशी आपले भांडण नाही. त्यांना आपण एवढेच सांगू : तुमच्या मोर्चात आम्ही येतो, आमच्या तिसऱ्या ठरावावर तुम्ही सही करा.

ठराव मान्य असतील त्यांनी हात वर करावेत.