भूकंप आणि विहिरीचं पाणी



पाटण तालुक्यातल्या एका वाडीत विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. आडावर पाणी शेंदणारे एक आजोबा म्हणाले, "सर, धक्का बसला की आमच्या आडाचं पाणी गढूळ होतं. कवा चढतं, कवा उतरतं. जमीन पाणी पिती का वो?" प्रश्न मोठा मोलाचा आहे. आज त्याचाच विचार करू.

आपला सातारा-सांगलीचा डोंगरी मुलूख काळ्या कातळाचा. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते राहते भेगांत, मुरमात आणि मांजऱ्या खडकात. खडक खोलवर तुटून सरकलेला असतो, त्या तुटीला भ्रंश म्हणतात. तिथला खडक एकाएकी पुन्हा सरकला की भूकंप होतो. त्या वेळी आसपासचा काही खडक दाबला जातो, काही ताणला जातो. पाटी पुसायचा ओला बोळा मुठीत दाबा, पाणी बाहेर येईल. मूठ सैल करा, ते आत जाईल. विहिरीचंही तसंच. शिवाय हादऱ्याने भेगांतला गाळ सुटतो, एखादी भेग मोकळी होते, एखादी बुजते. म्हणजे जमीन पाणी पीत नाही. पाणी वाट बदलतं.

याची उलट बाजूही आहे. 1962 पासून कोयनेच्या शिवाजीसागरात पाणी साठू लागलं आणि त्या भागात धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे 180 माणसं दगावली. पुढे वारणेवर चांदोलीचं धरण झालं, त्या बाजूलाही धक्के वाढले. साठ्याचं वजन आणि भेगांतून खोल पोचणारा पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेला भ्रंश सरकतो, असं शास्त्रज्ञ मानतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने 1990 नंतरच्या दशकात कोयना-वारणा भागात 21 विंधनविहिरी घेऊन पाण्याची पातळी सतत मोजली. काही भूकंपांच्या वेळी ती काही सेंटिमीटरांनी हलल्याचं दिसलं. एवढासा फरक दोराने कळणार नाही, आणि एका विहिरीकडे पाहून उद्याचा भूकंप सांगताही येत नाही. तसं कुणी सांगितलं तर घाबरू नका.

मग आपण काय करायचं? गुरुजनांनो, दोराला वजन बांधा, हाताहातावर गाठी मारा. दर आठवड्याला, मोटार सुरू होण्यापूर्वी, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मुलांकडून वहीत लिहून घ्या. पाणी उतरलं तर ते उन्हाळ्याने, शेजारच्या नव्या बोअरने की धक्क्याने, याचा अंदाज त्या वहीवरून येईल. नाहीतर धक्क्याच्या भीतीने कर्ज काढून नवी बोअर मारायची आणि महिन्याभरात जुन्या विहिरीचं पाणी परत यायचं! पाणी गढूळ झालं तर निवळू द्या, उकळून प्या. कडे खचलं असेल तर विहिरीत उतरू नका.

जमीन हलते, ते आपल्या हाती नाही. वही ठेवणं मात्र आहे.