स्ट्रायकर, सोंगट्या आणि थकबाकी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'आपल्या सोसायटीतील पुरुषांची कॅरम स्पर्धा: एक आढावा'. आयुष्यभर बँकेत ताळेबंद लिहिले, त्यामुळे आढावा म्हटलं की जमा-खर्च दोन्ही सांगणं आलं. फक्त जमेची बाजू सांगितली तर ऑडिटर सही करत नाही.

सोसायटी नवीन होती तेव्हाची गोष्ट. पार्किंगमध्ये मोटारी दोनच होत्या, बाकी सगळी मोकळी फरशी. भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी लाईट गेली की सोलापूरच्या उन्हाळ्यात घरात बसणं अशक्य. सगळे पुरुष बनियनवर खाली यायचे. कुणीतरी घरातला कॅरम आणला, कुणी इमर्जन्सी दिवा आणला. झाली सुरुवात. ठराव नाही, कार्यक्रमपत्रिका नाही.

कॅरम आपल्या गावाला नवा नव्हताच. आमच्या तरुणपणी तालमीत, गणेश मंडळाच्या खोलीत, एका बल्बखाली चौघं खेळत आणि बारा जण सल्ला देत. गिरणीच्या पाळीवरून सुटलेली माणसं डबा हातात घेऊनच बोर्डाभोवती उभी राहायची. तेव्हा गेम 29 गुणांची आणि राणीला 5 गुण. आता 25 गुणांची गेम, राणीला 3. आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन 1988 साली चेन्नईत स्थापन झालं. चेन्नईच्याच मारिया इरुदयम यांना 1996चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या पार्किंगवाल्यांना भलताच आधार वाटला असता. पण तेव्हा पार्किंगच नव्हतं!

दुसऱ्या वर्षी रीतसर स्पर्धा ठरली. आठ जोड्या. चिठ्ठ्या टाकून जोडीदार ठरायचा, म्हणजे मेहुण्या-मेहुण्यांची युती नको. प्रत्येक जोडी प्रत्येकीशी खेळणार, दर रविवारी. नियमाचा बोर्ड आणला, आतून 74 सेंटिमीटरचा. स्ट्रायकर 15 ग्रॅमच्या आत. तो किराणा दुकानदार सभासदांनी स्वतःच्या काट्यावर तोलून दिला. सामना पुढे ढकलायचं मान्य कारण एकच, नळाला पाणी येणं. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात त्यावर कुणी वाद घालत नसे. अंतिम सामन्यानंतर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दही. ही झाली जमेची बाजू.

आता खर्चाची.

मी खजिनदार होतो. मेंटेनन्सची थकबाकी वाढली होती. बँकेतली सवय, मी नोटीस लावली, 'तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्या सभासदांना कॅरम स्पर्धेत भाग घेता येणार नाही.' सही माझी. खरं तर त्या वेळच्या आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के सरळव्याजाची तरतूद होती. कॅरम बंद करण्याची कुठेही नव्हती. मला ते माहीत होतं.

त्या यादीत एकच खेळाडू बसत होता आणि तो त्या वर्षीचा माझा जोडीदार होता. कापड गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडली, देणी अडकली. ते खाली आले, नोटीस शांतपणे वाचली, स्वतःचा स्ट्रायकर खिशात टाकला आणि जिन्याने वर गेले.

त्यांच्याबद्दल एक सांगतो. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात ते दुसऱ्या जोडीत होते. शेवटची सोंगटी, समोर उघडं भोक. स्ट्रायकर लावताना म्हणाले, "थांबा. माझं बोट सोंगटीला लागलं. पाळी तुमची." कुणीच पाहिलं नव्हतं. ते हरले. असा माणूस मी नोटीस लावून थकबाकीदार ठरवला.

पुढच्या रविवारी तीन जोड्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी एक. मग बोर्ड मीटरच्या खोलीत भिंतीला टेकला. तीन महिन्यांनी ते माझ्या दारात आले, सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली. मी म्हणालो, "रविवारी या की." ते म्हणाले, "पावती मिळाली साहेब, झालं." भिशी तोट्यात उचलून पैसे आणले होते, हे मला नंतर कळलं. आधी मला 'भाऊ' म्हणायचे. 'साहेब' त्या दिवसापासून सुरू झालं.

कॅरममध्ये स्ट्रायकर भोकात गेला की आपली एक सोंगटी परत बोर्डावर ठेवावी लागते. दंड. मी वार्षिक सभेत उभा राहिलो. म्हणालो, नोटीस नियमबाह्य होती, ती मागे घेतो, चूक माझी. इतिवृत्तात तशी नोंद आहे, कुणालाही पाहता येईल. सभेत ते काही बोलले नाहीत. पण रविवारी संध्याकाळी खाली आले आणि म्हणाले, "पावडर कुणी आणली का?" त्या दिवसापासून 2020च्या मार्चपर्यंत स्पर्धा चुकली नाही.

मध्यंतरी नातवाने टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिकमधलं कर्लिंग दाखवलं. बर्फावर जवळजवळ वीस किलोचा दगड सोडतात आणि पुढे दोघं झाडू मारत पळतात. मी म्हटलं, अरे, हा तर आपला कॅरम, फक्त पावडरीच्या जागी बर्फ! त्या खेळात चालत्या दगडाला स्वतःचा झाडू लागला, तर खेळाडूनेच ताबडतोब सांगायचं असतं. नातवाला नवल वाटलं. मला नाही वाटलं. मी ते पार्किंगमध्ये पाहिलेलं होतं.

करोनानंतर खेळ थोडा थोडा सुरू झाला. नावात 'पुरुषांची' आहे, पण गेल्या दिवाळीत दोन मुलींनी आम्हा म्हाताऱ्यांना सरळ हरवलं, तेव्हा तो शब्द काढावा अशी माझी सूचना आहे. दुसरी सूचना, नव्या आराखड्यात कॅरमचा कोपरा दुचाकी चार्जिंगला दाखवला आहे. चार्जिंग हवंच. पण ते कुंपणाच्या बाजूला करता येईल. तो कोपरा सहा बाय सहाचा आहे. माणसाला न लाजता खाली यायला तेवढी जागा राहू द्या.

माझे ते जोडीदार आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. नाव घ्यायचं नाही, अशी सकाळीच तंबी दिली आहे. 'भाऊ, नाव घेतलंस तर खेळणार नाही' म्हणाले.

म्हणून घेत नाही.